बेचिराग

बस फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी.
ड्रायव्हर म्हणाला, परतीची पाच दहाला,
चुकलीत तर थेट मंगळवारी.
आणि हसला नाही.

नेदर ऑस्कम.
एका मापाची छत्तीस घरं, मधाच्या रंगाच्या दगडाची,
गवतानं शाकारलेली.
दर आढ्याच्या टोकाला पेंढ्याचा एक पक्षी :
शाकारणाऱ्याची सही.
लाल टेलिफोनच्या खोक्यात फोन नव्हता,
टोमॅटोची रोपं होती, आणि पत्र्याचा डबा :
सहा अंडी, दीड पौंड, पैसे आत टाका.
सुटे नव्हते. दोन टाकले,
आणि कुणी बघत नसताना
थोडी सज्जन झाले.

चर्च कुठे, विचारलं.
चार नंबरच्या दारात विनिफ्रेड स्कॅरट,
ऐंशीच्या पुढची, कोरड्या उन्हात रबरी बूट.
खिळ्यावरून किल्ली काढली, वीतभर लांब, लोखंडी.
"चर्च इथे नाही. चर्च गावात."
मग हे काय?
"हे? हे नवीन आहे. सतराशे एकोणसत्तरचं."

वाटेत सांगत गेली,
शेजारच्या घरचं भांडण सांगावं तसं :
टेकडीवरच्या हवेलीतल्या साहेबाला
सकाळी खिडकी उघडली की गाव दिसायचं.
वाळत घातलेले कपडे, डुकरं, धूर.
त्याला तळं हवं होतं
आणि तळ्यापलीकडे काहीच नको होतं.
दोन उन्हाळ्यांत गाव उचललं, टेकडीआड ठेवलं.
देव तेवढा हलला नाही.
"बिशप नाही म्हणाला."

कुरण. मेंढ्या. मधोमध चर्च,
वऱ्हाड निघून गेल्यावर
मांडवात विसरलेल्या पाहुण्यासारखं.
यंदा पाऊस नाही,
गवत जिथे जिथे पिवळं पडलं
तिथे जमिनीखालचे पाये वर उमटलेले :
चौकोन, चौकोनाला चिकटून चौकोन, मधून बोळ.
एका रेघेशी ती थांबली,
नसलेल्या भिंतीला वळसा घातला,
उंबऱ्याच्या जागी बूट पुसले,
"आमचं स्वयंपाकघर," म्हणाली, आणि आत गेली.
मीही गेले, अंडी सांभाळत.

म्हणजे तुमचं घराणं इथलंच?
"माझं? छे! मी परकी. चार मैलांवरून सून म्हणून आले.
छप्पन्न वर्षं झाली.
अजून विचारतात, तुमच्याकडे हवा कशी आहे?"

आत गारवा, मेणाचा वास.
घंटेचे चार दोर, ओढणारे तीन.
लढाईत गेलेल्यांची पाटी, नऊ नावं,
त्यांत चार स्कॅरट.
चौघांवरून तिनं बोट फिरवलं,
धूळ बसलीय का बघावं तसं.
अभिप्रायाच्या वहीत शेवटची नोंद फेब्रुवारीची :
"दार फार जड आहे."

"अशा गावाला तुमच्यात शब्द आहे?"
आहे. वडील तलाठी होते,
त्यांच्या जुन्या दप्तरात काही गावांपुढे लिहिलेलं असायचं :
बेचिराग.
शीव आहे, शेतं आहेत, सारा वसूल होतो,
दिवा नाही.
ती म्हणाली, लिही.
दाराच्या तक्रारीखाली लिहिलं.
वही फिरवून तिनं बराच वेळ पाहिलं.
"अक्षरं दोरीवर वाळत घातलीत का?
साहेबाला चाललं नसतं."

परतताना लंडनच्या गाड्या गावात शिरत होत्या,
टपावर सायकली, मागच्या काचेत कुत्री.
एकेक कुलूप निघत होतं.
"शुक्रवार," ती म्हणाली, बस दिसली तेव्हा.
"सोमवार ते गुरुवार रात्री झोपण्याआधी मी मोजते.
छत्तीसात सात.
तो शब्द परत एकदा सांग."
सांगितला.
तिला ग जमला नाही.

मांडीवरच्या पिशवीला ओल लागली,
एक अंडं तडकलं होतं.
वळणावर हवेली दिसली,
तळं दिसलं,
आणि तळ्यापलीकडे हिरवं, मोकळं, काहीच नाही.

खोटं कशाला बोलू,
मी खिडकीची काच पुसून पाहिलं.